चित्रावरून सुचलेली कविता

मी मुंबईत अकरावी-बारावीच्या मुलांना मराठी शिकवते. गेल्या वर्षी श्रावणात एका तासाला मी फळ्यावर एक रंगीत छापील चित्र चिकटवलं. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट. मुलांनी ती आधी कुठे ना कुठे पाहिलेली होती, कुणी मोबाइलच्या कव्हरवर, कुणी टी-शर्टवर. ‘यावरून आठ-दहा ओळी लिहा,’ एवढंच मी सांगितलं. बहुतेकांनी लाटेवर लिहिलं. संकटांची लाट, आठवणींची लाट, बारावीच्या परीक्षेची लाट. माहीमच्या कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी मात्र जागेवरून उठली, फळ्याशी गेली, नाक कागदाला टेकेल इतकी जवळ उभी राहिली आणि बोटाने काहीतरी मोजू लागली.

‘मॅडम, होड्या तीन आहेत. एकेकीत आठ-आठ जण वल्ह्यांवर, आणि पुढे आणखी दोघं.’

ते चित्र मी कित्येक वर्षं पाहत आले होते. त्यातली माणसं मी कधी मोजली नव्हती.

त्या होड्या कसल्या, हे मी घरी जाऊन शोधलं. ओशिओकुरी म्हणतात त्यांना. एदो, म्हणजे आजचं टोकियो, तिथल्या बाजारात ताजी मासळी झटपट पोचवण्यासाठी बांधलेल्या वेगवान होड्या. दुसऱ्या दिवशी तिला हे सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही. ‘मला वाटलंच. नुसतं फिरायला एवढ्या पाण्यात कोण जाईल?’ मग तिने कविता पूर्ण केली. तिची परवानगी घेऊन त्यातल्या काही ओळी इथे देते :

लाटेला साऱ्या जगानं नाव दिलं,
होडीतल्या तिसांना कुणीच नाही.
वाकलेत सगळे. तांडेल ओरडत असेल.
बर्फ नव्हता तेव्हा.
मासळी ताजी पोचायला हवी होती,
एवढीच त्यांची घाई.

कवितेखाली तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘होकुसाईच्या चित्रावरून’.

ही कविता आम्ही एका काव्यस्पर्धेला पाठवली. ती परत आली, सोबत दोन वाक्यांचा शेरा. ‘कल्पना उसनी आहे. स्पर्धा स्वतंत्र कवितांसाठी आहे.’ नंतर परीक्षकांपैकी एकाने मला आपुलकीने सांगितलं, की खालची ती ओळ खोडून पाठवली असती तर कविता नक्की वर आली असती. हे बोलणं माझ्या मनातून अजून जात नाही. सतरा वर्षांच्या मुलीने आपल्याला कुठून सुचलं ते प्रामाणिकपणे सांगितलं, आणि ते सांगितलं म्हणूनच ती बाद झाली. लपवलं असतं तर ती ‘स्वतंत्र’ ठरली असती. आपल्या साहित्यव्यवहारात उसनवारीबद्दल जो संकोच आहे, त्याने आपण मुलांना लपवायला शिकवतो आहोत. याविरुद्ध मला ठामपणे बोलायचं आहे.

आधी त्या लाटेकडेच पाहू. साधारण १८३१ चं हे चित्र. होकुसाई तेव्हा सत्तरीत होता. ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं’ या मालिकेतलं, लाकडी ठशांनी कागदावर छापलेलं हे चित्र, आकाराने जेमतेम उघडलेल्या वहीएवढं. जगाच्या डोळ्यांपुढे जपान म्हटलं की आज हेच चित्र येतं. पण त्यातला तो गडद निळा रंग जपानचा नाही. तो बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत तयार झाला, आणि व्यापाऱ्यांच्या मालातून जपानला पोचला. १८३० च्या आसपास तो तिथे स्वस्त झाला, तेव्हा होकुसाईने तो या मालिकेत मनसोक्त वापरला. दूरचा फुजी पायथ्याशी एवढासा आणि जवळची लाट आभाळाएवढी, ही मांडणीही डच चित्रांतून जपानी चित्रकारांनी आत्मसात केलेली. मग हे चित्र परत युरोपात गेलं. द्यबुसी या फ्रेंच संगीतकाराच्या समुद्रावरच्या रचनेची स्वरलिपी १९०५ मध्ये छापली गेली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर ही लाट होती. रिल्के या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या कवीने १९०८ च्या संग्रहात फुजीवर कविता लिहिली. पर्वत पाहून लिहिलेली ती कविता नव्हे. तोच पर्वत छत्तीस वेळा आणि पुन्हा शंभर वेळा काढणाऱ्या माणसाचा ध्यास पाहून ती लिहिलेली आहे. रिल्के त्याआधी पॅरिसमध्ये रोदँ या शिल्पकाराचा चिटणीस होता. वस्तूसमोर तासन्‌तास थांबून पाहायचं कसं, हे तो त्या शिल्पकाराकडून शिकला, आणि तो संग्रह त्याने रोदँलाच अर्पण केला.

बर्लिनचा रंग जपानला गेला, जपानची लाट पॅरिसला गेली, जपानी माणसाचा ध्यास जर्मन कवितेत उतरला. आणि ते चित्र कागदावर छापलं जाऊन माहीमच्या एका मुलीपुढे आलं, तेव्हा आजवर त्यात फारशा कुणी न विचारलेल्या गोष्टीबद्दल तिने विचारलं. होडीत कोण आहे? या साखळीत ‘स्वतंत्र’ कोण, हे त्या परीक्षकांनी मला दाखवून द्यावं.

कुणी म्हणेल, हे परदेशातलं झालं. आपल्याकडे बघू.

मराठी कवितेचा पाया जिथे आपण मानतो ती ज्ञानेश्वरी, १२९० ची, ही मुळात दुसऱ्या एका ग्रंथावरची टीका आहे. संस्कृतातल्या सातशे श्लोकांवरून मराठीत नऊ हजारांच्या घरात ओव्या झाल्या, आणि ज्ञानदेवांनी ते ऋण कुठेही झाकलं नाही, उलट ओवीओवीत मिरवलं. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलेलं ख्रिस्तपुराण लिहिणारा फादर स्टीफन्स हा तर इंग्लंडहून आलेला जेझुइट. त्याने बायबलातली कथा ओवीत बसवली आणि मराठीची अशी तोंडभरून स्तुती केली की ती आपण अजून शाळेत पाठ करतो. मराठीतलं पहिलं सुनीत म्हणून केशवसुतांची ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही १८९२ ची कविता सांगितली जाते. चौदा ओळींचा हा साचा इटलीत जन्मला, इंग्रजीतून आपल्याकडे आला, आणि पहिल्याच खेपेला मराठी कवीने त्यात मोगलांचं सिंहासन आणि आग्र्याची कबर बसवली. म्हणजे परकी वाटावी अशी रचना, दुसऱ्यांनी घडवलेल्या कलावस्तू आणि रत्नागिरीकडचा कवी. त्यातून निघालं ते मात्र आपण आपलंच मानतो, आणि ते आहेही आपलंच.

ही उदाहरणं मी भराभर सांगितली, कारण ती बहुतेकांना माहीत असतात. एका उदाहरणापाशी मात्र मला थांबायचं आहे, कारण ते मुंबईचं आहे आणि पुरेसं सांगितलं जात नाही.

स्टॅलिनग्राडची लढाई ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली. त्याच सुमारास माटुंग्याच्या लेबर कॅम्पच्या परिसरात वावरणारा, वाटेगावहून आलेला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला एक तरुण कामगार त्या लढाईवर पोवाडा रचत होता. अण्णाभाऊ साठे. त्यांनी रशिया पाहिलेला नव्हता. तिथे ते पहिल्यांदा गेले १९६१ मध्ये. त्यांच्यापर्यंत पोचल्या त्या बातम्या, कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांनी सांगितलेल्या हकिगती, चर्चा. आणि हाताशी होता डफ.

पोवाडा म्हणजे काय, हे एकदा आठवून पाहा. शाहीर पुढे, मागे झीलकरी, तुणतुणं, टिपेला जाणारा ‘जी जी रं जी’. शतकानुशतकं हा साचा अफझलखानाच्या वधासाठी, सिंहगडासाठी, सरदार-सेनापतींच्या पराक्रमासाठी राबला. त्यात नायक एक असतो, नावाचा असतो, बहुधा घोड्यावर असतो. स्टॅलिनग्राडमध्ये नायक होतं एक शहर. घराघरातून, कारखान्याकारखान्यातून लढणारे लोक. हे पोवाड्यात घालायचं तर पोवाड्याला हलावं लागतं, आणि अण्णाभाऊंनी ते हलवलं. परदेशी शहराची लढाई गिरणगावातल्या माणसाला आपली वाटली ती या डफामुळे, आणि डफाला गिरणी कामगाराच्या लढ्यावर बोलण्याची जी सवय लागली ती अशा पोवाड्यांमुळे. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख, गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत याच आवाजांनी मैदानं गाजवली. रशियातल्या एका शहराने मराठी लोकगीताला वळण लावलं, असं म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही.

माझ्या मते नक्कल आणि प्रेरणा यांतला फरक नेमका इथे दिसतो. घेतलेली गोष्ट नव्या घरात आल्यावर तशीच्या तशी राहिली, तर ती नक्कल. तिला बदलावं लागलं, आणि तिला जागा करून देताना घरालाही भिंत सरकवावी लागली, तर तिथे नवी कविता झाली. मराठीत नकला झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. विलायती फुलांचे ताटवे आपल्या कवितेत खूप वर्षं फुलत होते, ती फुलं कवींनी कुठल्याही परसात पाहिली नव्हती. आज हायकूचं तेच झालं आहे. शिरीष पै यांनी तो मराठीत आणला तेव्हा त्यात एका क्षणाला थबकून पाहण्याची शिस्त होती. आता तीन ओळी पाडल्या, पाऊस-पान-पाखरू घातलं की हायकू झाला असं समजतात. ते वाचताना मलाही परीक्षकांसारखं ‘उसनं’ असं लिहावंसं वाटतं. पण दोष उसनं आणण्याचा नसतो. आणलेल्या वस्तूशी त्या माणसाने काही केलं का, एवढंच पाहायचं असतं. माझ्या विद्यार्थिनीने त्या लाटेत बर्फ नव्हता ही गोष्ट आणली. ती होकुसाईला माहीत असणारच, पण ती बोलून दाखवायला मासळी विकणाऱ्या घरातलीच मुलगी यावी लागली.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. साहित्य आपल्याच मातीतल्या परंपरेतून यावं, अशी देशीवादाची मांडणी करणाऱ्यांनी गेली कित्येक दशकं विचारलं आहे की आमच्या नव्या कवितेची नजर सतत पश्चिमेकडे का? मर्ढेकरांवर ‘एलियट वाचून लिहिलं’ हा ठपका आला, तो तर या चर्चेच्या आधीपासूनचा. मर्ढेकरांच्या बाबतीत हा ठपका मला अन्यायाचा वाटतो. पिंपात मेलेल्या उंदरांची मुंबई त्यांनी संतकवितेच्या लयीत, ओवी-अभंगाच्या घाटात पकडली, आणि म्हणूनच ती अंगावर येते. लंडनमध्ये वाचलेलं त्यांनी तुकाराम-रामदासांच्या घरी आणून ठेवलं. पण आक्षेपाच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती नाकारू नये. आपण जगाकडून घेतो असं म्हणतो, पण घेतो बहुतेक इंग्रजीच्याच दुकानातून. स्पॅनिश कवी इंग्रजीतून, रशियन कवी इंग्रजीतून, जपानी हायकूही इंग्रजीतून. एकाच सावकाराकडून सतत घेतलं की त्याच्या अटी आपल्या होतात. इंग्रजीने ज्याला मोठा कवी ठरवलं तोच आपल्याला मोठा वाटतो.

यावर उपाय दार लावून घेण्याचा नाही. दारं जास्त हवीत. माधव जूलियनांकडे पाहा. त्यांनी फारसी मुळातून शिकली, १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश केला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी १९२९ मध्ये फारसीवरून मराठीत आणल्या, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून ‘द्राक्षकन्या’ केली. एकाच कवीची दोन रूपं, एक मुळातून आणि एक इंग्रजी आरशातून, त्यांनी मराठी वाचकापुढे शेजारी शेजारी ठेवली. इंग्रजीने खय्यामचं काय केलं, हे ज्याला पाहायचं त्याला दिसावं. गझल मराठीत त्यांनी रुजवली, पुढे सुरेश भटांनी ती घराघरात नेली, याच्या मागे ही मेहनत आहे. आज मराठीत फारसी येणारे कवी किती, असा प्रश्न मनात आला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

आणि फारसीपर्यंत कशाला जा? नागपाड्याला, मदनपुऱ्यात, कुर्ल्यात, मुंब्र्यात उर्दूत लिहिणारे लोक आहेत. माटुंग्याला तमिळ घरं आहेत, गिरगावात आणि घाटकोपरला गुजराती, उल्हासनगरला सिंधी. इप्टा या जननाट्य संघटनेची स्थापना १९४३ मध्ये मुंबईत झाली तेव्हा उर्दू शायर आणि मराठी शाहीर एकमेकांचं ऐकत होते. कैफी आझमी, अली सरदार जाफरी, मजरूह सुलतानपुरी या शहरात राहून लिहिते झाले, आणि नारायण सुर्वे त्याच शहराच्या फुटपाथवर वाढले. मग आज असं का व्हावं, की माझ्या वर्गातल्या मुलाला नेरुदाचं नाव माहीत आहे, पण त्याच्या शेजारच्या इमारतीतल्या उर्दू शाळेत मुलं कोणती कविता पाठ करतात ते त्याला ठाऊक नाही? आम्ही चिलीला पोचलो आणि नागपाड्याला पोचलो नाही, याची मला खंत वाटते. मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या आवारात मराठी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी, जर्मन, रशियन असे विभाग चालतात. चालत पाच-दहा मिनिटांवर. तिथल्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक दुपार एकमेकांच्या कवितांवर बसून काढली, मूळ भाषेतून मराठीत थेट एक एक कविता नेली, तर पाच वर्षांत केवढं काम उभं राहील. त्याला फारसा खर्चही नाही.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण त्यानंतरच्या भाषणांत मी जे ऐकलं ते सगळं प्राचीनतेबद्दल. शिलालेख, ताम्रपट, गाथासप्तशती. ते सगळं हवंच. पण या दर्जासोबत येणाऱ्या निधीतला एक ठरावीक वाटा इतर भाषांतून थेट मराठीत अनुवाद करण्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. अनुवादकाला पोट भरेल इतकं मानधन द्यावं, त्याचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली छापावं. आपल्याकडे अजूनही अनुवादकाचं नाव आतल्या पानावर शोधावं लागतं. हक्कांची अडचण दरवेळी पुढे केली जाते, पण भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. रिल्के १९२६ मध्ये गेला. त्याच्या जर्मन कवितेला हात लावायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. लागतो तो जर्मन येणारा मराठी माणूस.

मुंबईतल्या कलादालनांबद्दलही मला म्हणायचं आहे. मी मुलांना घेऊन काळा घोडा परिसरात प्रदर्शनं पाहायला जाते. एका दालनात भिंतीवर दीड-दीड पान इंग्रजी मजकूर होता आणि मराठीत फक्त ‘चित्रांना हात लावू नये’. माझ्या एका विद्यार्थ्याने ते मला बोट दाखवून वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, आणि मलाही काही बोलता आलं नाही. ज्या शहरात १८५७ पासून जे. जे. कलाशाळा आहे, तिथे चित्राबद्दल बोलण्याची मराठी तयारच नाही असं तर नाही. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ मराठीत लिहिलं. अरुण कोलटकर जे. जे. मध्ये शिकले, जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होते. त्यांच्या ‘भिजकी वही’त इजिप्तची आयसिस आहे, ट्रॉयची कॅसान्ड्रा आहे, अलेक्झांड्रियाची हिपेशिया आहे, बसऱ्याची राबिया आहे. पोलिसांच्या हाती लागू नयेत म्हणून नवऱ्याच्या कविता तोंडपाठ करून ठेवणारी रशियाची नादेझ्दा मांदेलश्ताम आहे. जगभरातल्या बायकांचं रडणं एका मराठी वहीत भिजून उतरलं आहे. ते वाचताना एकदाही असं वाटत नाही की हे परक्या बायकांबद्दल आहे. त्या मुलांना भिंतीवरचं मराठीत वाचता आलं असतं, तर त्यांच्यातून कोण निघालं असतं, याचा विचार मी घरी येईपर्यंत करत होते.

घेण्याचीही एक नीती असते आणि तिच्याबद्दल मी तितकीच आग्रही आहे. बलवान दुर्बळाकडून घेतो आणि नाव घेत नाही, तेव्हा ती लूट असते. वारली चित्रांचं काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. लग्नाचा चौक घरातल्या बायका तांदळाच्या पिठाने लिहितात, लग्न लावणाऱ्या धवलेरी गाणी म्हणतात. ती माणसं आता कपबशांवर, बँकांच्या भिंतींवर, इमारतींच्या फाटकांवर गोल करून नाचतात, पण कुणाच्या हाताने, कुठल्या पाड्यावरून, हे लिहिलेलं नसतं. त्यावरून सुचलेल्या कविताही मी वाचल्या आहेत. निरागस आदिवासी, निसर्गाची लेकरं, वगैरे. चौक लिहिणारी बाई कोण होती, ती काय गात होती, हे न विचारता लिहिलेली कविता माझ्या मते उसनीच्या पलीकडची, चोरलेली असते. आणि नेमकी तिच्याखाली ‘वरून’ची ओळ नसते.

उलट नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार, अर्जुन डांगळे ही मंडळी. १९७२ मध्ये मुंबईत त्यांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिलं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. आपण कुणाकडून बळ घेतलं हे त्यांनी थेट संघटनेच्या नावातच लिहिलं. त्याच वर्षी आलेल्या ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाची भाषा मात्र कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतली, दुसरीकडे कुठेही न सापडणारी.

विंदा करंदीकरांबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये कलकत्त्याला शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. दोन वर्षांत तो फॉर्स्टरने जर्मनमध्ये नेला. तो वाचून जर्मन कवी गटे भारावला. त्याच्या ‘फाउस्ट’च्या सुरुवातीला नाटकमंडळीचा चालक, कवी आणि विदूषक रंगभूमीवर बोलतात, तो प्रवेश शाकुंतलातल्या सूत्रधाराच्या प्रस्तावनेवरून सुचला असं अभ्यासक मानतात. त्याच गट्याने हाफिज या फारसी कवीच्या गझला अनुवादात वाचून १८१९ मध्ये स्वतःचा दिवाण, म्हणजे कवितासंग्रह, छापला. आणि मुंबईत महाविद्यालयात शिकवणाऱ्या विंदांनी ते ‘फाउस्ट’ मराठीत आणलं. संगीत शाकुंतल पाहत वाढलेल्या मराठी माणसाला त्या जर्मन प्रस्तावनेत आपलाच सूत्रधार भेटावा, आणि त्याच्या हातात परक्या गावाचे वाण असावेत, असं हे येणं-जाणं. पुढे ‘अष्टदर्शने’मध्ये त्याच विंदांनी देकार्त, स्पिनोझा, कांट, नित्शे यांना संतकवितेच्या वळणाने मराठीत बोलतं केलं, आणि त्यांच्या पंक्तीला आपला चार्वाक बसवला. हे पुस्तक मी वर्गात उघडते तेव्हा मुलांना सांगते, की पाहा, पाहुणचार असा करतात.

म्हणून काव्यस्पर्धा घेणाऱ्यांना, वार्षिकांच्या संपादकांना, आणि माझ्यासारख्या मास्तरांना माझी विनंती आहे की ‘स्वतंत्र’ हा शब्द नियमांतून काढून टाका. त्याजागी लिहा : ‘कुठल्या चित्रावरून, गाण्यावरून, कवितेवरून सुचलं असेल तर खाली नोंदवा.’ ती नोंद वाचणाऱ्याला त्या चित्राकडे पाठवेल. एका कवितेमुळे दहा मुलं होकुसाईकडे गेली, तर त्यातलं एखादं त्याच्याकडून दुसरंच काही घेऊन येईल.

ती मुलगी स्पर्धेच्या शेऱ्याने चार दिवस गप्प होती. मग एका सकाळी वर्गात येऊन म्हणाली, कविता बदलायची आहे. तिने चित्राची ती प्रत घरी नेली होती आणि आजीला दाखवली होती. आजीने आयुष्यभर मासळी विकली आहे. तिने चष्मा लावून बराच वेळ होड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘भरलेली होरी अशी उचलत नाय गो. ही रिकामी हाय. ही परत चाललीत.’

म्हणजे मासळी पोचली होती. घाई संपली होती. आणि लाट त्यानंतर आली होती. शेवटच्या दोन ओळी तिने खोडल्या, नव्या अजून जुळत नाहीत, असं म्हणाली. खालची ओळ मात्र तिने लगेच पुरी केली : ‘होकुसाईच्या चित्रावरून, आणि आजीच्या सांगण्यावरून’.